दोन तोंडांचा मोर

ताईसाहेबांना क्रोशाकाम येत नाही, हे त्यांच्याखेरीज अख्ख्या जव्हारला ठाऊक होतं. पण नवरा संस्थानच्या दफ्तरात बडा अंमलदार आणि स्वतः पुण्याला चार महिने राहून आलेल्या. मग आम्हा कारकुनांच्या बायकांना शहाणं करायचा मक्ता त्यांनी आपणहून घेतला. रोज दुपारी आम्ही सहा जणी त्यांच्या ओटीवर सुई-दोरा घेऊन बसायचो. मीही जायचे. नाही म्हणायची छाती नव्हती, दुसरं काय.

पहिला महिना त्या वहीतून वाचून दाखवायच्या. 'तीन साखळ्या, एक खांब, दोन साखळ्या, एक खांब.' आम्ही पाढे म्हणत विणायचो आणि जे निघायचं ते पायपुसण्याच्याही लायकीचं नसायचं. मग मुंबईहून छापील नकाशा आला. कागदभर बारीक चौकोन. काळा म्हणजे भरलेलं घर, पांढरा म्हणजे रिकामं. जरा लांबून पाहिलं की उजवीकडे तोंड केलेला मोर दिसायचा. एवढी सोय हाती आल्यावर बाईंनी काय करावं? नकाशाला काच लावून तो आपल्या खुर्चीमागे टांगला आणि तोही वाचून दाखवायला लागल्या, 'पाच रिकामी, दोन भरलेली.' आम्हाला दिसायचा तो त्यांचा अंबाडा.

महिनाअखेर कुणी साहेब मडमेला घेऊन यायचा होता आणि तिला मेजावर अंथरायला मोराचा मेजपोस द्यायचा असं ताईसाहेबांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. पण मोर काही होईना. क्रोशात ओळ संपली की काम उलटायचं आणि परत विणत यायचं. बाई मात्र दर ओळ डावीकडूनच वाचायच्या, पोथी वाचावी तशी. मग एका ओळीत चोच उजवीकडे, पुढच्या ओळीत डावीकडे. सहाही जणींचे मोर दोन तोंडांचे झाले. आम्ही सगळ्या लिहिता-वाचता येणाऱ्या, त्यामुळे चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. ताईसाहेबांनी आमच्या बोटांना नावं ठेवली.

साखरशेतची नवशी त्यांच्याकडे पाणी भरायची, ओटी झाडायची. तिला एकच गोष्ट हवी होती. तिची पोर बाळी मुलींच्या शाळेत बसायला हवी होती, आणि ताईसाहेबांच्या शब्दावाचून शाळेत कुणाचं नाव लागत नसे. नवशीनं तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "तुमच्या घरात अक्षर कोण ओळखतं? पोर काय शिकणार?"

त्या दिवशी तिनं झाडू बाजूला ठेवला आणि आमचे मोर निरखून पाहिले.

"बाय, नांगर बांधाला लागला का बैल फिरवतात, नी तिकडूनच माघारी येतात," ती म्हणाली. "तुमी दर तासाला, दर ओळीला, बैल उचलून पयल्या बांधावर आणता."

"नांगर म्हणे," ताईसाहेबांनी नाक मुरडलं. पण पाहुणे यायला आठच दिवस उरले तेव्हा त्याच नवशीला मागच्या पडवीत बोलावून म्हणाल्या, "विणून दाखव. जमलं तर बाळीचं नाव घालू."

नवशीनं आधी नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर ठेवला. विणायच्या ओळीखाली बांबूची कामटी ठेवली. ओळ झाली की कामटी एक घर वर. सुई तिची स्वतःची होती, बांबू तासून केलेली. झाडता झाडता बघून ती कधी विणायला शिकली, आम्हाला पत्ताही नव्हता. सातव्या दिवशी आम्हा सगळ्यांदेखत मोर उभा राहिला, तुऱ्यासकट, एका तोंडाचा. फक्त शेवटची गाठ मारायची होती.

ताईसाहेबांनी हात पुढे केला.

"बाळीचं नाव?" नवशीनं विचारलं.

"पुढच्या साली बघू. यंदा जागा नाही."

जागा होती. माझीच मुलगी त्या शाळेत जायची. निम्मी सतरंजी रिकामी असते हे मला पक्कं माहीत होतं. मी खाली मान घालून सुईकडे बघत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

नवशीनं टाक्यातून सुई काढली आणि दोरा ओढला. सगळं क्रोशाकाम त्या एका टाक्यावर तगलेलं असतं. काठ गेला. तुरा गेला.

"अगं, काय करतेस? उद्या माणसं यायचीत."

"माझ्या हातचा हाय, बाय. मीच उसवतंय."

ती सावकाश ओढत होती. चोच गेली, डोळा गेला. मान निम्मी उसवली तेव्हा ताईसाहेबांनी गडी पाठवून शाळेच्या मास्तरांना पटासकट बोलावलं. मास्तरांनी उभ्याउभ्याच नाव लिहिलं.

"गोजाबाय, तुमी वाचा," नवशी मला म्हणाली.

मी वाचलं, "बाळी." विणकामाचे पाढे सोडले, तर त्या घरात इतक्या दिवसांत मी मोठ्यानं बोललेला तो पहिला शब्द.

नवशीनं पटावर वाकून शाई वाळायची वाट पाहिली. बोट लावून बघितलं. मग सुटलेला टाका सुईवर घेतला आणि मोराचं डोकं परत विणायला बसली.