या नावाची बाई गावात नाही

मथुराबाई मंगळवेढ्याहून माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की केस संपली आहे, आता घरी जा. पंधरा वर्षं सोलापुरात वकिली केली की असलं शहाणपण आपोआप अंगी येतं.

त्यांची मुलगी यशोदा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात शिलाईला होती. भांडणात मुकादम दिग्विजयने तिला जिन्यावरून ढकललं आणि ती गेली, असा खटला उभा राहिला. ढकलताना पाहणारी एकच बाई होती, शेजारच्या मशीनवरची फुलाबाई. पोलिसांनी तिचा चार ओळींचा जबाब घेतला खरा, पण कोर्टात ती आलीच नाही. कर्नाटकच्या सीमेलगत, मैंदर्गीला तिच्या गावी गेलेल्या समन्सवर हवालदाराचा शेरा होता : या नावाची बाई गावात नाही. सरकारी वकिलांनीही पुन्हा समन्स मागितलं नाही, तो साक्षीदारच सोडून दिला. यशोदाचा पाय घसरला असेल, असं धरून दिग्विजय निर्दोष सुटला.

मथुराबाईंनी माझं ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने थेट मैंदर्गी गाठलं. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. फुलाबाई कुठं राहते एवढंच त्या दारोदार विचारायच्या आणि लोक मान हलवायचे. अशा तीन खेपा झाल्या. हवालदार काही खोटं बोलत नव्हता, असं मी त्यांना फोनवर ऐकवलंही.

चौथ्या खेपेला बाजारात बांगड्या विकणाऱ्या गुरुबसप्पांनी त्यांना बसवून घेतलं आणि ही बाई काय काम करायची ते विचारलं. सोलापूरला टॉवेल शिवायची, म्हटल्यावर ते हसायलाच लागले.

"फूल म्हंजे आमच्यात हू. फुलाबाई कोण न्हाय हितं. ती हूवव्वा हाय की."

कारखान्यात हजेरी लिहिणाऱ्याला कन्नड नाव जड गेलं, म्हणून त्याने त्याचं मराठी करून टाकलं होतं. पोलिसांनी हजेरीपट उतरवला, समन्सही त्याच नावाने निघालं. आधार कार्ड बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

हूवव्वा चार गल्ल्या पलीकडे राहत होती. कोर्टात का आली नाहीस, असं गुरुबसप्पांमार्फत विचारल्यावर तिला रडू कोसळलं. "यारू करीलिल्ला," ती म्हणाली. कुणी बोलावलंच नाही.

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. अपील मी लिहिलं, पण त्यातला जीव मथुराबाईंचा होता. कोल्हापूरला हायकोर्टाच्या बेंचने तपास करणारे आणि सरकारी पक्ष, दोघांचेही कान उपटले. सुटकेचा निकाल रद्द झाला. हूवव्वाची साक्ष दुभाषी देऊन घ्या आणि खटला पुन्हा चालवा, असा हुकूम निघाला.

माझा आनंद मावत नव्हता, तरी बाहेर आल्यावर सवयीने मी त्यांना सावध केलं की खटला नव्याने चालणार आहे, दिग्विजय पुन्हा सुटूही शकतो. या बाईपुढे आपण किती लहान आहोत, हे मला त्यानंतर कळलं.

मथुराबाईंनी पदर नीट केला.

"सुटला तर सुटला, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "पर आता हूवव्वाचं ऐकल्याबिगर सुटायचा न्हाय."