अकरा फॉर्म

तीस वर्षं मी खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. कोरा रकाना दिसला की माझा हात आपोआप चालू लागतो. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. बचाव करायला माझ्याकडे काही उरलेलंच नाही.

झालं असं की, आमच्या डिचोलीत पुढच्या वीस वर्षांत मैदानं कुठे असावीत, बागा कुठे, लोकांनी खेळावं-फिरावं कुठे, याचा आराखडा पालिकेने करायला घेतला होता आणि तो लोकांना विचारून करायचा होता. प्रत्येक प्रभागातून एक स्वयंसेवक हवा होता. निवृत्त, शिकलेला, सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणजे मीच, दुसरं कोण? आराखडा करणाऱ्या संस्थेतली सायली नावाची मुलगी घरी येऊन साठ फॉर्म देऊन गेली. म्हणाली, "काका, साठच्या साठ आले तर तुमचा प्रभाग पहिल्या टप्प्यात बसेल. फक्त ज्याचा त्यानेच भरायला हवा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, ही आता मला फॉर्म शिकवणार.

आमच्या प्रभागात मोकळी जागा एकच. शाळेमागे सपाट लाल मातीचा तुकडा आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे ट्रक उभे राहत, आता काही नाही. मला आणि माझ्याबरोबर सकाळी फिरणाऱ्या निवृत्तीला तिथे फरसबंदी वाट हवी होती. कडेने बाकडी, सावलीला चार झाडं. साठीनंतर माणसाने आणखी काय मागावं?

आठ दिवस मी दारोदार हिंडलो. चहा पिऊन पिऊन पित्त झालं. एकाने 'आवडता खेळ' या रकान्यात मटका लिहिलं, तो फॉर्म मी त्याच्याकडून पुन्हा भरून घेतला. गोडीगुलाबीने सगळ्यांना वाटेचं महत्त्व पटवलं. एवढं करूनही एकोणपन्नासवर गाडी अडली. उरलेली घरं बंद होती, नाहीतर मुलं दुबईला.

आणि तेव्हा मला कपाटातली फाईल आठवली.

आमच्या घरामागे भाड्याच्या आठ खोल्या आहेत. कोणी सावंतवाडीकडचे, कोणी चंदगडचे, कोणी बेळगावकडचे. बायका औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जातात, पुरुष बांधकामावर नाहीतर ट्रकवर. भाडेकरूंची माहिती पोलिसांत द्यावी लागते, म्हणून सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स माझ्याकडे असतात. नाव, वय, सगळं तयार. मी त्यांतल्या बायकांच्या अकरा झेरॉक्स काढल्या, चष्मा पुसला आणि तासाभरात अकरा फॉर्म भरले. खेळ: नाही. गरज: चालण्याची वाट व बाकडी. खाली अकरा सह्या केल्या. दोन-तीन जरा वाकड्या काढल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून. त्या वेळी मला त्या वाकड्या सह्यांचं कौतुकसुद्धा वाटलं होतं.

बायको, उषा, भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, "त्या बायकांका विचारलात तरी?"

"त्यांना काय विचारायचं? आज आहेत, उद्या दुसरीकडे," मी म्हटलं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

आता खरं सांगतो. त्या खेळतात हे मला माहीत होतं. दर रविवारी दुपारी त्या शाळेमागच्या मातीत कबड्डी खेळत. आठ नंबरच्या खोलीतली अर्चना गुरव त्यांची पुढारी. चंदगडकडच्या तिच्या गावात ती लग्नाआधी संघातून खेळायची. तिने खोल्यांतल्या आणि कारखान्यातल्या मिळून बारा-तेरा बायका जमवल्या होत्या. चुन्याने रेघा मारून, ओढण्या कमरेला घट्ट बांधून त्या खेळायच्या. मी आणि निवृत्तीने कुंपणाशी उभं राहून एकदा अख्खा डाव पाहिला होता. अर्चनाने एका चढाईत तिघींना बाद केलं, तेव्हा निवृत्ती "वा" म्हणाला होता, आणि मी त्याला "चल, घाम येतोय" म्हणून ओढून नेलं होतं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने तिच्या फॉर्मवर लिहिलं, खेळ: नाही.

सभा पालिकेच्या हॉलमध्ये होती. सायलीने पडद्यावर नकाशे दाखवले. आमच्या प्रभागाची पाळी आली तेव्हा म्हणाली, "इथून साठपैकी साठ फॉर्म आले, आणि त्यांतल्या सत्तावन्न जणांना वाट हवी आहे. इतकं एकमत शहरात दुसरीकडे कुठेच नाही." मला पुढे बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. टाळ्या झाल्या. निवृत्तीने तर उभं राहून वाजवल्या.

मी जागेवर येऊन बसतो तोच मागून आवाज आला. अर्चना होती. पाळी संपवून तशीच आली होती, गळ्यात कारखान्याचं कार्ड होतं. बरोबर आणखी दोघी होत्या, त्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"मॅडम, त्या जागेवर आमी कबड्डी खेळतो," ती म्हणाली. "तिथं फरशी घातली तर आमी कुठं खेळायचं? वाट कडेनं करा की. मधली माती तेवढी ऱ्हाऊ दे. आमाला दुसरं कायबी नको."

सायलीला ते पटलेलं दिसलं. पण ती कागदावर चालणारी मुलगी. तिने नाव विचारलं, गठ्ठा चाळला आणि फॉर्म काढला. "तुमचा फॉर्म आहे माझ्याकडे, ताई. खेळत नाही असं लिहिलंय. वाट हवी असंही लिहिलंय. ही सही तुमचीच ना?"

अर्चना पुढे गेली. फॉर्मकडे तिने बराच वेळ पाहिलं. माझं अक्षर ती चार वर्षं रोज वाचत होती. खोल्यांच्या नळावर मीच पाटी लावली आहे, पाणी सहा ते सात, कपडे धुवू नयेत. तिने मान वर केली आणि हॉलमध्ये मला शोधलं. मी दुसऱ्या रांगेत होतो, शोधायला वेळ लागला नाही. मी वर पंख्याकडे पाहायला लागलो.

"हो," ती म्हणाली. "माझीच सही. माझंच चुकलं."

एवढं बोलून ती गेली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या दोघी तिच्या मागोमाग गेल्या. सायलीने पुढचा नकाशा लावला. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या मांडीवरचं प्रशस्तिपत्र खाली पडलं. ते उचलायला वाकलो तो बराच वेळ वाकूनच राहिलो. मला वर तोंड काढायची लाज वाटत होती. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

घरी येऊन उषाला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"ती गप रवली?"

"हो."

"आनी तुमी?"

"मीही."

"तिचा गप रवणा वेगळा आनी तुमचा वेगळा," ती म्हणाली, आणि पानं वाढली.

हरकतींना आठ दिवसांची मुदत होती. मी सायलीला फोन करून विचारलं, फॉर्म चुकीचे भरले गेले असतील तर काय करायचं. ती म्हणाली, ज्यांचे आहेत त्यांनी अर्जावर स्वतः सही करावी, काय चुकलं ते स्पष्ट लिहावं. मी अर्ज लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'नजरचुकीने सदर फॉर्ममध्ये विसंगती राहून गेली.' उषाने तो वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "नजर खंय चुकली? नजर बरी आसा तुमची."

दुसरा खर्डा लिहायला मला दोन दिवस लागले. तीनच ओळी होत्या.

रविवारी दुपारी मी कागद घेऊन खोल्यांकडे गेलो. बायका घरातच होत्या. मैदानावर कोणीच गेलं नव्हतं. अर्चना दारात तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, डोक्यावर पदर घेतला. चार वर्षांत तिने माझ्यापुढे कधी पदर घेतला नव्हता.

"सह्या हव्या होत्या," मी म्हटलं. "तुम्हा सगळ्यांच्या."

"काय लिवलंय त्यात, काका?"

मी कागद पुढे केला. तिने घेतला नाही. "वाचून दावा," ती म्हणाली. तोवर बाकीच्या दारांतून एकेक करून बायका बाहेर आल्या होत्या. मागच्या पायरीवर उषा येऊन उभी होती.

मी वाचलं. "या अकरा जणींचे फॉर्म मी, शिवदास, यांना न विचारता भरले. सह्याही मीच केल्या. या बायका खेळतात हे मला माहीत होतं." ऑफिसात मी मोठमोठी पत्रं खणखणीत वाचत असे. त्या तीन ओळींना मी दोनदा थांबलो. एका खोलीत कुकरची शिटी झाली, तरी कोणी आत गेलं नाही.

मी खिशातलं पेन काढून अर्चनापुढे धरलं. ती पेनाकडे बघत राहिली.

"सही करायला काय न्हाई," ती सावकाश म्हणाली. "पण काका, सही केली म्हणून उद्या खोली खाली करायला लावणार न्हाई ना?"

मला वाटलं होतं ती चिडेल, वाईटसाईट बोलेल. त्याची मी तयारी करून आलो होतो. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हॉलमध्ये ती माझी अब्रू राखत नव्हती, स्वतःची खोली राखत होती.

"नाही," मी म्हटलं. "शप्पथ. असं कसं करीन मी?"

तिने इतर बायकांकडे पाहिलं. सगळ्या तिच्याचकडे बघत होत्या. मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. दुकानात सुटे मागावेत तितक्या साधेपणाने बोलली.

"मग तेवढंबी त्याच्यात लिवा, काका," ती म्हणाली. "आन खाली सही करा. तुमच्या नावाची."