अंगठा ठेवला की स्क्रीन विझते

मोबाइल दुरुस्त करण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, आणि एकोणीस वर्षांचा माज अंगात मुरला. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मीच सांगायचो, तुमच्या फोनला काय झालंय ते. 'यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात,' हे माझं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून शेजारच्या चष्मेवाल्याचे कान किटले होते.

नवीन अपडेट आलं की मी ते आधी स्वतःच्या फोनवर घ्यायचो. त्यात काही खोड असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळते. या वेळीही घेतलं. दोन दिवसांत तीन माणसं एकच रडगाणं घेऊन आली, की अपडेट केल्यापासून फोन कानाला लावला की मध्येच आपला आवाज समोरच्याला जात नाही. आता फोनच्या वरच्या कडेला एक सेन्सर असतो. गाल जवळ आला की तो स्क्रीन विझवतो, नाहीतर बोलता बोलता गालानेच बटणं दाबली जातील. तो तपासायला आमच्या धंद्यात सगळे जे करतात तेच मी केलं. फोन हातात धरून सेन्सरवर अंगठा ठेवला, स्क्रीन विझली. उचलला, स्क्रीन लागली. झालं, पास!

"फोन ठणठणीत आहे," मी तिघांनाही म्हटलं, "घरच्यांशी जरा नीट बोलत जा."

त्यातली एक बाई काकुळतीला आली. "अहो, कानाला लावून बघा ना एकदा."

दुसऱ्याचा घामट फोन मी कशाला गालाला लावतोय? हसून तिला वाटेला लावलं.

माझ्या थोरल्या बहिणीशी, ताईशी, दोन वर्षं माझा अबोला होता. आई गेली त्या दुपारी मी ताईला अकरा फोन केले, तिने एकही उचलला नाही. संध्याकाळी धावतपळत आली तेव्हा सगळं संपलं होतं. "छोट्या, शप्पथ सांगते, फोन वाजलाच नाही रे," ती रडत म्हणाली. मी काय करावं? भरल्या घरात तिच्या हातातून फोन हिसकावला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर रिंग वाजवून दाखवली. "हा बघा, वाजतोय की! यंत्र खोटं बोलत नाही." ताईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. लाज वाटते सांगायला.

त्या मंगळवारी सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'ताई'.

"हां, ताई."

"छोट्या, मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहे. हृदयाचं ऑपरेशन आहे. थोड्या वेळात आत नेतील." तिला धाप लागत होती. "डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही. तू येशील का रे?"

दोन्ही हातांनी मी शटर पुन्हा खाली ओढलं, कुलूप घातलं. फोन गाल आणि खांद्यामध्ये दाबून धरला होता. "आलोच ताई! आत्ता निघालो. आणि ऐक, त्या दिवशी माझं चुकलं, गाढव आहे मी गाढव!" दोन वर्षं घशात अडकलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं.

"छोट्या? बोल ना."

"बोलतोय ना! तुझं नेटवर्क गेलंय, ताई!"

"अजून राग आहे का रे? शिव्या घाल हवं तर, पण बोल काहीतरी."

मी भर रस्त्यात ओरडत होतो. माणसं वळून बघत होती.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझा आवाज ऐकून आत जावं म्हटलं होतं. असू दे."

फोन कट झाला. कट होता होताच हातात घेतला तर स्क्रीन लख्ख चालू होती. माइकच्या चिन्हावर तिरकी रेघ, म्हणजे माझा आवाज बंद. ती माझ्याच गालाने ओढली होती.

परत लावला. ताईच्या नवऱ्याने, भाऊजींनी, कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मिळेल ती गाडी पकडून पोहोचलो तेव्हा ताईला आत नेलं होतं. भाऊजी बाकावर बसले होते, मांडीवर तिचा चष्मा आणि फोन. दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"चार मिनिटं," भाऊजी म्हणाले. ताईचा फोन त्यांनी माझ्यासमोर धरला. "चार मिनिटं फोन धरून बसलास आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. आत नेईपर्यंत रडत होती ती."

"भाऊजी, मी बोलत होतो हो! आईशपथ! अपडेटनंतर सेन्सर बिघडलाय, गालाने आवाज बंद झाला." त्यांना पटेना. मी ताईच्या फोनवरून माझा नंबर लावला. माझ्या स्क्रीनवर पुन्हा 'ताई' आलं. फोन उचलला, आणि जळलं मेलं ते एकोणीस वर्षांचं वळण, सेन्सरवर अंगठा ठेवला.

स्क्रीन विझली. उचलला. लागली.

"चांगला चालतोय की," भाऊजी म्हणाले.

"असं नाही कळत, भाऊजी. हातात धरला की चालतो, कानाला लावला की फसतो. कानाला लावून बघा ना एकदा. एकदाच!"

मी फोन पुढे केलेला तसाच राहिला. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"तिचाही फोन त्या दिवशी वाजला नव्हता," ते म्हणाले, आणि कागदांवर सह्या करायला उठले.