सहा हजारांच्या पुढे

चाचणी १. बदल: चारही प्लग नवे. निकाल: सहा हजार आरपीएमपर्यंत मस्त. पुढे दम जातो.

चाचणी ४. बदल: एअर फिल्टर. निकाल: तेच.

चाचणी ७. बदल: कार्ब्युरेटर उघडून धुतले. निकाल: तेच. बाई, तुला हवंय तरी काय?

चाचणी ९. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक. काढून फुंकलं. मोकळं आहे. निकाल: तेच.

चाचणी ११. बदल: पेट्रोलचा नळ नवा. निकाल:

वहीत या निकालापुढे काही नाही. त्या रविवारी, जून २००४ मध्ये, अकरावी चाचणी घ्यायला परीक्षित मोटरसायकल घेऊन नॉटिंगहॅमबाहेरच्या चढावर गेला आणि परत आला नाही.

ट्रॅक्टरला ओलांडायला तो उजवीकडे गेला होता. समोरून व्हॅन येत होती. व्हॅनवाला कोर्टात म्हणाला, वेळ भरपूर होता, मला ब्रेकही लावावा लागला नसता. पण मधोमध आल्यावर तो माणूस हळू झाला, जणू त्यानं सोडूनच दिलं. मग त्यानं गाडी कुंपणात घातली. गाडीचं हँडल वाकलं, एक आरसा गेला. परीक्षितचं डोकं दगडी खांबावर आपटलं.

पोलिसांच्या तज्ज्ञानं गाडी तपासली, नऊ हजारांपर्यंत पळवली. दोष नाही. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं ओपन व्हर्डिक्ट दिला. म्हणजे अपघात की आणखी काही, ते सांगता येत नाही.

‘आणखी काही’ हे दोन शब्द परीक्षितची बायको स्वाती आणि त्यांची लहान मुलगी यांच्या घरात राहायला आले. जिन्यावर भेटत, फ्रिज उघडला की आत बसलेले असत. आणि नागपुरात सासऱ्यांकडे तर त्यांनी बिऱ्हाडच केलं. पुरुषोत्तमराव अडतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होते. अपघाताच्या आदल्या दिवशी फोनवर ते मुलाला नको ते बोलले होते. आता दर रविवारी एकच विचारत, “जाताना काही म्हणाला होता का गं तो?”

“नाही, बाबा.”

“काहीच नाही?”

तो “अर्ध्या तासात येतो” म्हणाला होता. ते सांगून काही सिद्ध होत नव्हतं.

म्हणून सप्टेंबरात स्वातीनं पोलिसांकडून गाडी परत आणली आणि वहीत पुढचा आकडा घातला.

चाचणी १२. बदल: हँडल, आरसा. निकाल: गाडी चालते.

गाडी नंदूच्या गॅरेजमध्ये होती. नंदू पुण्याचा, परीक्षितबरोबर एकाच प्रोजेक्टवर इंग्लंडला आलेला. दोघंही सॉफ्टवेअर टेस्टर.

“वहिनी, तुम्ही चालवणार? ही एकवीस वर्षांची म्हातारी आहे. नागपूरची लूना नाही.”

“लायसन्स त्याच्याआधी मला मिळालं होतं, नंदू. तो पहिल्यांदा नापास झाला होता.”

“हे मला कधी बोलला नाही हो तो!”

“तू वर्षभर चिडवशील म्हणून.”

नंदू हसला आणि लगेच गाडीकडे वळला.

चाचणी १३. बदल: काही नाही. तोच चढ. निकाल: नऊ हजार. दम जात नाही.

चाचणी १४. तेच. निकाल: नऊ हजार.

गाडी सुरळीत पळाली याचा इतका धसका दुसऱ्या कुणी घेतला नसेल. चढाच्या माथ्यावर तिनं गाडी थांबवून हेल्मेट काढलं. गाडीत दोष नाही, तर मग दोष कुणात? तिला दिसलं: ट्रॅक्टरच्या बाजूला तो, समोर व्हॅन, आणि त्याचा ॲक्सिलरेटरवरचा उजवा हात हळूहळू मोकळा होतो आहे.

“गाडी ठणठणीत आहे,” नंदू म्हणाला. “कदाचित त्या नळानंच दुरुस्त झाली असेल. विकून टाका आता.”

“दुरुस्त झाली होती, तर तो हळू का झाला?”

नंदूनं स्पॅनर पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

चाचणी १५. बदल: काही नाही.

असं तिनं निघताना लिहिलं. ते चूक होतं.

ऑक्टोबरातला शनिवार, दुपार, बारीक पाऊस. आतापर्यंत वही ती जॅकेटमध्ये खोचत होती. आज भिजेल म्हणून पोलिसांनी परत दिलेल्या सामानातून परीक्षितची टाकीवरची बॅग काढली. खाली रबर आणि लोहचुंबक, वर नकाशा ठेवायला पारदर्शक खिसा. वही त्यात सरकवली, बॅग टाकीवर चिकटवली. तो अशीच न्यायचा: आत हत्यारं, वर वही.

चढाच्या अलीकडे एक लांब सरळ रस्ता लागतो. तिथून तिनं वेग धरला. पाच हजार. सहा. चढ सुरू झाला. साडेसहा.

आणि गाडी पोकळ झाली.

धक्का नाही, आवाज नाही. खालून कुणी जमीन काढून घ्यावी तशी ताकद गेली. तिनं उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ पूर्ण पिळलेली होती. हात सोडत नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

तिनं गाडी गवतात घेतली. आधी बॅग उचलली, मग टाकीचं झाकण उघडलं. टाकीनं श्वास घेतला. लांब, आत ओढून, बराच वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसासारखा.

बॅगेच्या रबराखाली झाकणातलं भोक बुजलं होतं. सावकाश चालताना पुरेशी हवा कशीबशी झिरपायची; पूर्ण वेगात पेट्रोल भराभर खाली जायचं, वर हवा नाही, की कार्ब्युरेटर कोरडे. परीक्षितनं भोक तपासलं होतं. पण तपासायला बॅग काढावी लागते. तज्ज्ञानंही काढूनच ठेवली होती.

एका निकालावर विश्वास ठेवायचा नाही, असं परीक्षित म्हणायचा. म्हणून बॅग लावून, काढून, लावून, काढून. चार फेऱ्या. लावली की मरायची, काढली की जगायची.

निकाल: त्यानं मूठ सोडली नव्हती.

हे लिहून ती गवतात बसून रडली, आणि रडता रडता वहीची पानं मागे उलटत पहिल्या पानाशी आली. चाचणी १ ची तारीख: तीन एप्रिल. ती बॅग तिनं आणली होती. त्याच्या वाढदिवसाला. एकोणतीस मार्च.

चाचणी १६.

रविवारी सकाळी तिनं नागपूरला फोन लावला.

“बाबा, गाडीच बंद पडली होती. त्यानं काही केलं नाही. मी स्वतः चालवून पाहिलं.”

“तू? येडी झाली का? पोरीले कोण पाहीन?” मग आवाज बदलला, वर्कशॉपातला झाला. “काय फॉल्ट होता?”

कार्ब्युरेटर, असं म्हणता आलं असतं. तिनं रात्रभर ते घोकलंही होतं. पण अडतीस वर्षं ज्यानं इंजिनं उघडली तो माणूस कुठला कार्ब्युरेटर, कसा, हे विचारणारच होता.

“टाकीला हवा मिळत नव्हती. वर बॅग होती. बॅग मी घेतली होती, बाबा. मी.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“सहा हजाराच्या पुढं दम सोडते, काय असन बाबा, असं विचारलं होतं त्यानं,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “शनिवारी. तेच विचाराले फोन केला होता. मी म्हटलं, भंगार विकून टाक, लेकराचा बाप झाला तू.” ते थांबले. “दम सोडते म्हटल्यावर पयलं झाकण सैल करून पाहाव लागते. चालू रस्त्यावर. माह्या हाताखालच्या पोराईलेही माहीत होतं.”

“तुम्हाला बॅगेचं कुठे ठाऊक होतं?”

“तुले तरी भोकाचं कुठं ठाऊक होतं?”

स्वातीनं वही पुढ्यात ओढली.

“त्या कोर्टाले लिही,” ते शेवटी म्हणाले. “पोरानं काही सोडलं नव्हतं म्हणाव. आन् खाली माहं नाव घाल. ज्याले विचारलं त्यानं सांगितलं नाही.”

“घालते. पण आधी माझं.”

“माहं आधी.”

“बाबा, बॅग माझी होती.”

“वयानं मोठा आहो मी,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “लिही. पेन घेतला का?”