पुतळ्याच्या तोंडून

काचेपलीकडे कॉटवर रबरी पुतळा निजवलेला होता. त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब सगळं अलीकडे बसलेल्या मॅडमच्या कॉम्प्युटरवरून चालायचं. मॅडम टाइप करतील ते तो बाईच्या आवाजात बोलायचा. नर्सिंगच्या मुलींना वाटे, उत्तरं मशीनच देतं. मॅडमनी तो समज कधी खोडून काढला नव्हता.

सकाळपासून परीक्षा चालू होती. मॅडमचे डोळे चुरचुरत होते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्रीची झोप कधीच उडालेली.

शेवटी आली ती वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. मैत्रिणी तिला रेडिओ म्हणत. पुतळ्यानं चक्कर येत असल्याचं सांगितलं. रक्तदाब बघायचा सोडून रेडिओ स्टूल ओढून बसली.

"काकू, चेहरा किती उतरलाय तुमचा. झोप होते का घरी?"

रबराचा चेहरा कसला उतरतोय, मॅडमच्या मनात आलं. पण असा प्रश्न ठरलेल्या प्रश्नांत नव्हताच. त्यांची बोटं थबकली, मग आपसूक चालू लागली.

"नाही होत," पुतळा म्हणाला. "सासूबाईंचं सगळं मीच करते. आता माझ्याच्यानं होत नाही."

"घरात कुणाला बोललात?"

"नाही."

"मग कसं व्हायचं? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, काकू."

तेवढ्यात, परीक्षेसाठी आधीच लावून ठेवल्याप्रमाणे, पडद्यावर रक्तदाब पार तळाला गेला आणि लाल दिवा लागला.

"नापास," बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, खरी बाई असती तर बोलून तिला बरं वाटलं असतं ना?"

"वाटलं असतं. आणि बोलता बोलता गेलीही असती. आधी रक्तदाब, मग गप्पा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बस."

मुलगी मान खाली घालून गेली. मॅडमना वाईट वाटलं, पण निकाल बदलावासा वाटला नाही.

कॉम्प्युटर बंद करून त्यांनी जिन्यातूनच मोठ्या नणंदेला फोन लावला.

"ताई, आईंना थोडे दिवस तुमच्याकडे न्याल? आता माझ्याच्यानं होत नाही."

वर्षभर घशात अडकलेलं वाक्य. एकदा बोलून झालं होतं, म्हणून की काय, सहज बाहेर पडलं.

"आधी का नाही बोललीस गं? रविवारी येते. पण महिनाभरच हं, माझे गुडघे धड नाहीत."

"महिना पुष्कळ झाला, ताई."

फोन ठेवून मॅडम पायरीवरच बसल्या.