सुईदोरा

“ज्या गाढवानं हे लिहिलंय, त्यानं अक्कल गहाण टाकलेली दिसते. आमचं अख्खं ऑफिस अडलंय. जमत नसेल तर दुकान बंद करा!”

सासूबाईंना भरवता भरवता तिनं हा निरोप वाचला आणि चमचा हवेतच राहिला. शिव्या तिला नव्या नव्हत्या. पण निरोपाखाली कंपनीचं नाव होतं आणि त्याखाली ‘प्रक्रिया विभागप्रमुख’. म्हणजे तिचा नवरा.

“थांबलीस का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“तुमच्या लेकाचा निरोप आलाय.”

“काय म्हणतोय?”

“आई जेवली का, विचारतोय.”

सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा तिनं प्रोग्रामरची नोकरी सोडली होती. दुपारी त्या झोपल्या की ती लॅपटॉप उघडायची. त्यातूनच ‘सुईदोरा’ झालं. रजेचा अर्ज असो की खरेदीची मंजुरी, एका टेबलावरून पुढच्या टेबलावर आपोआप सरकवणारं छोटंसं सॉफ्टवेअर. कोणीही घ्यावं म्हणून तिनं ते इंटरनेटवर फुकट ठेवलं, स्वतःचं नाव न घालता. लोकांनी घेतलं. वस्तू फुकट, तशा शिव्याही फुकट. नवऱ्याला तिनं तेव्हाच दाखवलं होतं. “बरंय, तेवढाच वेळ जातो,” म्हणत त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला होता.

चूक मात्र तिची होती. नव्या आवृत्तीत साहेबाचा स्वतःचाच रजेचा अर्ज फिरून फिरून त्याच्याकडे परत येत होता आणि बाकीचे सगळे अर्ज त्याच्यामागे अडकून पडत होते. सासूबाईंचा डोळा लागल्यावर तिनं ती शोधली, निस्तरली.

संध्याकाळी नवरा खुशीत घरी आला.

“आज त्या सुईदोरावाल्यांना असं झापलं ना! सुतासारखे सरळ आले. अशा लोकांना हीच भाषा कळते.”

“लोक नाहीत,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे.”

“कुठे?”

“सुईदोरात. ते गाढव मी.”

तो खो खो हसला. तिनं सुईदोराचं खातं उघडून लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वर-खाली करत सगळं पाहिलं. त्याचे कान लाल झाले. आता तरी तो काही बोलेल, म्हणून ती उभी राहिली.

“ऑफिसात कोणाला सांगितलंस का?”

“नाही.”

“सांगूही नकोस. यामागे मोठी टीम आहे, असं मी वर सांगितलंय. बायकोचा उद्योग निघाला तर हसं होईल माझं.”

“आणि मला गाढव म्हणालात, त्याचं काय?”

“तू आहेस हे मला काय स्वप्न पडलं होतं?”

“दुसरं कोणी असतं तर चाललं असतं?”

“शब्दाला शब्द लावू नकोस. जेवायला वाढ.”

“भांडी ओट्यावर आहेत. घ्या वाढून.”

त्या दिवसापासून दोघांत अबोला सुरू झाला. सासूबाई दोघांची तोंडं बघत, पण विचारत नसत.

सुट्टीच्या सकाळी तो आतल्या खोलीत दार लावून बसला होता. ती बाहेर सासूबाईंच्या पलंगाशी. लॅपटॉपवर निरोप आला.

“आदरणीय महोदय, सुईदोराबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. मंजुरी देणारे दोघे असतील, तर अर्ज एकाच वेळी दोघांकडे जाईल अशी सोय आपण कृपया करून द्याल का? सोमवारच्या आत झाल्यास फार उपकार होतील.”

खाली तेच पद, तीच कंपनी.

तिनं निरोप दोनदा वाचला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्यासाठी त्याच्या तोंडून कधी ‘कृपया’ निघालं नव्हतं. तिनं उत्तर लिहिलं, “सोय होईल. बाहेर येऊन तोंडानं विचारा.”

आतून निरोप पोचल्याची घंटी ऐकू आली. खुर्ची करकरली. सासूबाईंनीही मान वळवून दाराकडे पाहिलं.

दार उघडलं नाही. थोड्या वेळानं आतून कीबोर्डची टकटक सुरू झाली.

तो काय लिहितोय ते बघायला ती थांबली नाही. तिनं लॅपटॉप मिटला.