पिवळी बोटं

आयेशाला एका कवितेसाठी तिच्या नवऱ्यानं, सरफराजनं, सांगलीच्या वाचनालयातल्या कविसंमेलनाला ओढून आणलं होतं. कुपवाडच्या कारखान्यात तो पंधरा वर्षं लेथवर उभा होता. रोज त्याच्या शर्टात लोखंडाची बारीक कुसळं अडकायची आणि धुणं भिजवण्याआधी आयेशा ती एकेक वेचून काढायची. काही तिच्याच बोटांत शिरायची. तोंडावर दोन शब्द बोलायचं तर या गड्याची जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून त्यानं कागदावर लिहिलं आणि माईकवरून वाचायचं ठरवलं. "तुज्यावर लिवलंय," एवढंच तो गाडीवर बसताना म्हणाला, आणि आयेशानं ठेवणीतली साडी नेसली.

एक चूक मात्र तो आधीच करून बसला होता. वर्षापूर्वी तीच कविता त्यानं मोबाइलवर कवींच्या ग्रुपमध्ये टाकली होती, आणि कारखान्यातली पोरं चिडवतील म्हणून खाली नाव घातलं नव्हतं. बिननावाची कविता म्हणजे बिनदाव्याचं जनावर, कुणाच्याही दारात जाऊन उभं राहतं.

सूत्रसंचालन नाथाजी मास्तरांकडे होतं. प्रत्येकानं स्वतःची नाहीतर घरच्या माणसाचीच कविता वाचायची, उचलेगिरी करणाऱ्याला खाली बसवू, असा दम त्यांनी सुरुवातीलाच भरला. सरफराजचा नंबर सातवा होता. त्याचं नाव पुकारणार, तेवढ्यात मागून राजमतीबाई उठल्या. पेठेतले हळदीचे व्यापारी वर्धमानशेठ चार महिन्यांपूर्वी वारले, त्यांच्या या पत्नी. बाईंचा नंबर अकरावा होता, पण जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत त्यांना घरी जाऊन जेवायचं होतं. सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सरफराजनंच पुढं होऊन आपली पाळी त्यांना दिली. चांगुलपणा नडतो म्हणतात, तो असा.

बाईंनी शेठजींची जुनी वही उघडली. "ह्यांनी जन्मात माज्याशी एक गोड शब्द काढला न्हाई," त्या म्हणाल्या. "गेल्यावर वहीत हे सापडलं. माज्यासाठी लिवून ठेवलं हुतं."

मग त्यांनी वाचलं.

"माझ्या सदऱ्याची हळद तुझ्या बोटांत मुरली,
धुणं वाळलं दोरीवर, पिवळी बोटं उरली."

सरफराजच्या खिशातल्या कागदावर हळदीच्या जागी कुसळं होती, ती मुरली नव्हती, शिरली होती, आणि बोटं पिवळी नव्हे, दुखरी होती. शेठजींनी तीन शब्द बदलले होते. पुढच्या चौदा ओळी शब्दाला शब्द त्याच्याच होत्या. त्याला आधी राग आला, मग त्या म्हाताऱ्या माणसाची कीव आली. स्वतःचे शब्द सुचले नाहीत म्हणून बिचाऱ्यानं बिननावाचे घेतले होते आणि आपल्या बायकोच्या मापाचे करून ठेवले होते. बाई रडत होत्या. सभागृहातही कुणाचे डोळे कोरडे नव्हते, आणि आयेशा तर पदरानं डोळे पुसत होती.

टाळ्या थांबल्या तसं नाथाजी मास्तरांनी सरफराजचं नाव घेतलं. राजमतीबाईंना जायची घाई होती, पण पाळी देणाऱ्या माणसाची कविता ऐकूनच जाते म्हणून त्या पुढच्या खुर्चीत बसल्या. तो माईकपाशी गेला. वाचली तर चोर ठरणार होता. खरं सांगितलं तर चार महिन्यांच्या विधवेला मिळालेला एकुलता एक गोड शब्द तिच्या हातातून काढून घ्यावा लागणार होता. त्यानं बाईंच्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. मग आयेशाकडे पाहिलं. ती सावरून बसली होती.

"कागद घरी ऱ्हायला," तो म्हणाला आणि खाली उतरला. लोक हसले.

परतताना विश्रामबागच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आयेशानं त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"लिवलंच नव्हतं न्हवं?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. पर त्या शेठजीला बायकूची बोटं दिसली बगा. मेल्यावर का हुईना, दिसली."

सिग्नल सुटला. कागद त्याच्या खिशातच होता. त्यानं गाडी पुढं काढली.